लिनक्सवर हिरवी, विंडोजवर लाल: ‘फाइल वापरात आहे’ हा बग परत परत का येतो

लक्षण ओळखीचं आहे. पायथनच्या प्रमाणित लायब्ररीत, म्हणजे टेम्पफाइल, शटिल, झिपफाइल अशा एखाद्या मॉड्यूलमध्ये, तुम्ही छोटीशी दुरुस्ती करता. तुमच्या लिनक्सवर सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. पॅच (बदललेला कोड) पाठवता, आणि थोड्या वेळाने विंडोजचा बिल्ड (तिथे आपोआप होणारी जुळणी आणि चाचणी) लाल होतो: परमिशनएरर, विनएरर ३२, फाइल दुसरी प्रक्रिया वापरत आहे. पुन्हा चालवली की कधी पास, कधी नापास. मग कोणीतरी टेस्टमध्ये अर्ध्या सेकंदाची झोप (स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं) घालतं, बिल्ड हिरवा होतो आणि विषय मिटतो. काही महिन्यांनी तोच बग दुसऱ्या मॉड्यूलमधून डोकं वर काढतो.

झोप घालणाऱ्यांत एकेकाळी मीही होतो. नंतर लक्षात आलं की एरर ज्या ओळीवर दिसते ती ओळ बहुतेक वेळा निर्दोष असते. डिलीट करणारी ओळ फक्त तक्रार करते. फाइल धरून बसलेला कोड वेगळाच असतो, आणि त्याचं नाव ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या यादीत) येतच नाही. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात ‘डिलीट कसं जमवायचं’ इथून न करता ‘फाइल कोणाच्या ताब्यात आहे’ इथून करायची.

आधी एरर नीट वाचा

परमिशनएरर दिसली की लोक फाइलचे हक्क तपासायला धावतात. पायथन विंडोजचे एरर क्रमांक पॉसिक्सच्या (युनिक्स-लिनक्सच्या सामायिक प्रमाणाच्या) ‘एरनो’ क्रमांकांत बसवतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात पडतात. विनएरर ५ आणि विनएरर ३२, दोन्हींचा एरनो १३ च येतो. म्हणून एक्सेप्शनचा एरनो न पाहता त्यावरचा विनएरर हा गुणधर्म छापा. ३२ असेल तर कोणाकडे तरी हँडल (उघडलेल्या फाइलवरचा ताबा) उघडं आहे. ५ असेल तर फाइल फक्त-वाचनीय आहे, किंवा तुम्ही फोल्डरवर अनलिंक (फाइल डिलीट करणारी हाक) चालवताय, किंवा फाइल आधीच डिलीट झालेली आहे पण शेवटचं हँडल बंद व्हायची वाट बघत लटकलेली आहे. हा तिसरा प्रकार फार फसवा. तो ३२ चाच भाऊ आहे, फक्त दुसऱ्या कपड्यांत.

विंडोजवर हे का होतं ते थोडक्यात. तिथे फाइल उघडणारा सांगतो की मी ती धरून असताना इतरांना काय काय करू द्यायचं: वाचू द्यायचं, लिहू द्यायचं, डिलीट करू द्यायचं. पायथनचं नेहमीचं ओपन पहिल्या दोन परवानग्या देतं, तिसरी देत नाही. लिनक्सवर अनलिंक फक्त नाव काढतं. फाइल उघडी असेल तर तिचा मजकूर शेवटचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक, लिनक्सचं हँडल) बंद होईपर्यंत डिस्कवर राहतो. थोडक्यात, लिनक्सवर बग नसतो असं नाही, तो दिसत नाही. डीएफ (डिस्क किती भरली) एक आकडा सांगतो, डीयू (फाइलींचा एकूण आकार) दुसरा, आणि मधली जागा कुठे गेली ते कळत नाही. लिनक्स फार सोशिक आहे, आणि ते सोसणं इथे आपल्याला महाग पडतं.

एक गंमत: हाच बग लिनक्सवर उघडा पाडायचा असेल तर टेस्टचं फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) ठेवा. तिथे उघडी फाइल डिलीट केली की क्लायंट तिचं नाव बदलून टिंब-एनएफएसने सुरू होणारं नाव देतो, फाइल फोल्डरमध्येच राहते, आणि पाठोपाठ येणारं आरएमट्री (अख्खं फोल्डर पुसणारं फंक्शन) ‘फोल्डर रिकामं नाही’ म्हणून एरनो ३९ देतं. लोक ती एनएफएसची खोड समजून सोडून देतात. मूळ तेच: कोणीतरी फाइल बंद केलेली नाही.

धरून कोण बसलंय

पहिला संशयित म्हणजे एक्सेप्शन. फंक्शनमध्ये फाइल उघडली, हेडर वाचताना व्हॅल्यूएरर आला. त्या एक्सेप्शनला ट्रेसबॅक जोडलेला असतो, ट्रेसबॅकला फ्रेम (चालू असलेल्या फंक्शनची नोंद), आणि फ्रेममध्ये स्थानिक व्हेरिएबल, ज्यांत आपली उघडी फाइल. बाहेरच्या एक्सेप्ट ब्लॉकमध्ये तुम्ही ‘अर्धवट फाइल उडवून टाकू’ म्हणून अनलिंक करता, तेव्हा ती साखळी शाबूत असते. लिनक्सवर चालतं, विंडोजवर ३२. एरवी सीपायथन (पायथनची मूळ अंमलबजावणी) संदर्भसंख्या, म्हणजे ती फाइल किती जागी वापरात आहे ती मोजणी, शून्य झाली की फाइल तिथल्या तिथे बंद करतो, म्हणून विथ (ब्लॉक संपताच फाइल बंद करणारी रचना) न वापरताही वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मात्र पायपायवर (पायथनच्या दुसऱ्या अंमलबजावणीवर) ती सवय लगेच अंगाशी येते, कारण तिथे कचरा गोळा होण्याची वेळ ठरलेली नसते. लायब्ररीचा कोड इतर अंमलबजावण्याही उचलतात, त्यामुळे संदर्भसंख्येच्या भरवशावर फाइल सोडणं हा तिथे बगच धरायचा.

दुसरा संशयित जास्त खोल आहे, आणि त्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. कोडमध्ये आधी ओएस.ओपनने कच्चा डिस्क्रिप्टर घेतात आणि मग तो ओपनला देऊन त्याची फाइल बनवतात. मधे काही फसलं तर डिस्क्रिप्टर गळतो, म्हणून ट्राय-एक्सेप्ट घालून तो बंद करायचा. टेम्पफाइलमध्ये पूर्वी नेमकी अशी गळती होती आणि अशीच बुजवली गेली. दिसायला बरोबर. पण ओपन नेमकं कुठे फसलं यावर डिस्क्रिप्टरचा मालक बदलतो! मोड चुकीचा दिला तर व्हॅल्यूएरर अगदी सुरुवातीला येतो. डिस्क्रिप्टर अजून तुमचाच, बंद करणं तुमचं काम. एन्कोडिंगचं नाव चुकीचं असेल तर तोवर आतली फाइल तयार झालेली असते, ओपन स्वतःच्या मागची साफसफाई करताना ती बंद करतं, आणि डिस्क्रिप्टरही तिच्याबरोबर जातो. आता तुमच्या एक्सेप्टमधला क्लोज एरनो ९ (असा डिस्क्रिप्टर उघडा नाही) देतो आणि खरी चूक त्याच्यामागे झाकली जाते.

हे तरी बरं. खरं संकट धाग्यांच्या (एकाच वेळी अनेक थ्रेड चालवणाऱ्या) प्रोग्राममध्ये. पॉसिक्समध्ये नवीन फाइलला नेहमी सगळ्यात लहान मोकळा क्रमांक मिळतो. दोन क्लोजच्या मधल्या क्षणात दुसऱ्या धाग्याने काही उघडलं तर त्याला तोच क्रमांक मिळतो, आणि तुमचा दुसरा क्लोज त्याची फाइल बंद करून मोकळा होतो. तो बग ज्याच्या वाट्याला येतो त्याला तुमच्या मॉड्यूलचा संशयही येत नाही.

यावर जास्त एक्सेप्ट लिहिणं हा उपाय नाही. ताबा एकाच जागी ठेवायचा. पायथन ३.३ पासून ओपनला ओपनर नावाचा पॅरामीटर आहे: डिस्क्रिप्टर तयार करणारं फंक्शन तुम्ही देता, ते कधी बोलवायचं हे ओपन ठरवतं, आणि हातात आल्या क्षणापासून डिस्क्रिप्टर त्याचा. फसलं तर बंद करणारं तेच. तुमच्याकडे उरतं फक्त तयार झालेलं नाव पुसणं. टेम्पफाइलही आता याच वाटेने जातं. जिथे ओपनर वापरता येत नाही तिथे निदान क्रम पाळा: आधी बंद, मग अनलिंक. उलटा क्रम लिनक्सवर कधीच पकडला जात नाही.

बाकीचे संशयित पटकन. अर्धवट वापरून सोडलेला जनरेटर (एकेक मूल्य देत थांबणारं फंक्शन), ज्याच्या आत विथ आहे: तो संपत नाही तोवर विथही संपत नाही. ओएस.स्कॅनडिरचा इटरेटर (फोल्डरमधल्या नोंदी एकेक देणारा): ब्रेक करून बाहेर पडलात तर फोल्डरचं हँडल उघडं राहतं, म्हणून ३.६ पासून तो विथमध्ये वापरता येतो. आणि मूल-प्रक्रिया. २०१४ च्या ३.४ पासून पेप ४४६ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा क्रमांकित प्रस्ताव) मुळे नवीन डिस्क्रिप्टर मुलांकडे आपोआप जात नाहीत, पण नुसत्या फोर्कमध्ये (चालू प्रक्रियेची नक्कल), पुढे दुसरा प्रोग्राम न चालवता, सगळे जसेच्या तसे जातात.

पुराव्यानिशी पकडायचं कसं

पायथनचा डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायची आवृत्ती, तयार करा (कॉन्फिगरला विथ-पायडीबग द्या) आणि टेस्ट -एक्स डेव्ह लावून चालवा. न बंद केलेली फाइल नष्ट होताना रिसोर्सवॉर्निंग येते. सोबत -एक्स ट्रेसमॅलॉक=१० दिलं की ती फाइल कुठे उघडली होती त्याचा माग दहा फ्रेमपर्यंत छापला जातो. शोधाचं निम्मं काम इथेच होतं. एक खाच मात्र आहे: इशाऱ्यांना एरर बनवलं तरी ही वॉर्निंग प्रोग्राम थांबवत नाही, कारण ती डिस्ट्रक्टरमधून (वस्तू नष्ट होताना चालणाऱ्या कोडमधून) येते आणि ‘एक्सेप्शन दुर्लक्षित’ असं छापून पुढे जाते. हिरव्या निकालाच्या वर आउटपुटमध्ये ती ओळ आहे का, हे डोळ्यांनी बघा.

मग टेस्टचालकाला -आर ३:३ द्या. तो टेस्ट तीनदा सराव म्हणून आणि तीनदा मोजणीसाठी चालवतो. संदर्भांबरोबर उघड्या डिस्क्रिप्टरांची गळतीही सांगतो. कधीतरीच नापास होणाऱ्या टेस्टसाठी -एफ लावून ती नापास होईपर्यंत फिरवत ठेवा आणि शेजारी दुसरी जड टेस्ट चालू ठेवा. शांत मशीनवर शर्यत (कोण आधी पोचतं यावर ठरणारी चूक) लागत नाही.

लिनक्सवरच गळती उघडी पाडायची सोपी युक्ती म्हणजे यूलिमिट -एनने डिस्क्रिप्टरांची मर्यादा उतरवणं. बऱ्याच वितरणांत ती १,०२४ असते; ती ३२ वर आणली की जी गळती हजार फेऱ्यांत दिसली असती ती पंचवीसेक फेऱ्यांत एरनो २४ (उघड्या फाइली फार झाल्या) देऊन मोकळी होते. नेमक्या क्षणी काय उघडं आहे हे बघायला प्रॉक-सेल्फ-एफडी फोल्डरची यादी छापा. विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये फाइलचं नाव शोधलं की हँडल कोणाकडे आहे ते दिसतं.

कधी कधी दिसतं की हँडल आपल्याकडे नाहीच. अँटिव्हायरस किंवा शोध-निर्देशांक बनवणारी सेवा नवीन फाइल दिसली की क्षणभर उघडून बघते, आणि त्या क्षणी आपलं डिलीट येतं. हा एकच प्रसंग आहे जिथे थांबून पुन्हा प्रयत्न करणं योग्य ठरतं, आणि तेही टेस्टमध्ये, लायब्ररीत नाही. सीपायथनच्या टेस्ट-सहाय्यकांमध्ये यासाठी तयार अनलिंक आणि आरएमट्री आहेत: विंडोजवर डिलीट केल्यावर नाव खरंच गेलं का ते तपासतात, नसेल तर एक मिलिसेकंद थांबतात, मग दुप्पट, पुन्हा दुप्पट, एकूण साधारण सेकंदभर. स्वतःची झोप लिहिण्याआधी ते वापरा. ओएस.अनलिंकमध्येच हा पुनर्प्रयत्न का टाकत नाही, असं विचारणारे भेटतात. कारण मग खरी गळती सेकंदभर उशिराने आणि अधूनमधून दिसेल, म्हणजे शोधायला आणखी अवघड.

लॉगिंगच्या फिरत्या फाइलींची तक्रारही इथेच येऊन आदळते. दोन प्रक्रिया एकाच लॉग फाइलमध्ये लिहितात, एकीने नाव बदलायला घेतलं की विंडोजवर ३२. हा लायब्ररीचा बग समजून पॅच लिहू नका. अनेक प्रक्रियांनी थेट एकाच फाइलमध्ये लिहिणं हे मॉड्यूल मुळातच पेलत नाही, तसं दस्तऐवजात म्हटलंय. रांग वापरून एकाच प्रक्रियेकडून लिहून घ्या.

टेम्पफाइलची खास अडचण

नेम्डटेम्पररीफाइल बनवली, नाव दुसऱ्या फंक्शनला दिलं, त्याने उघडायला घेतली आणि विंडोजवर नकार आला. हे विंडोजच्या ‘बंद होताच डिलीट कर’ या झेंड्यामुळे (फ्लॅगमुळे) होतं. कित्येक वर्षं लोक डिलीट=फॉल्स देऊन नंतर हाताने पुसत, आणि एक्सेप्शन आला की पुसायचं राहून जाई. ३.१२ पासून डिलीट-ऑन-क्लोज हा पॅरामीटर आहे. तो फॉल्स द्या, मजकूर लिहून फाइल बंद करा, नाव हवं तिथे द्या. विथमधून बाहेर पडताना फाइल पुसली जाते. जुन्या आवृत्त्यांसाठी टेम्पररीडिरेक्टरी घेऊन तिच्या आत साधी फाइल बनवा. मला तर तेच आजही जास्त आवडतं.

ताबा दोन पावलांच्या मधे निसटतो तेव्हा

ज्या बगमध्ये कोणी फाइल धरून बसलेलं नसतं त्यातही प्रश्न ताब्याचाच असतो. आधी ‘आहे का’ बघायचं, मग उघडायचं. मधल्या फटीत दुसऱ्याने ती बनवली किंवा बदलली. टेम्पफाइलचं एमकेटेम्प फक्त नाव देतं, फाइल बनवत नाही, म्हणून ते २.३ पासून कालबाह्य ठरवलंय. नवीन फाइलच हवी असेल तर ३.३ पासून ‘एक्स’ मोड आहे: असेल तर फाइलएक्झिस्ट्सएरर, नसेल तर बनवलेली फाइल तुमच्या हातात, तपासणी आणि निर्मिती एकाच हाकेत.

याचं सगळ्यात वाईट रूप आरएमट्रीत होतं. ‘हे फोल्डर आहे, सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) नाही’ असं तपासून आत शिरेपर्यंत कोणी त्याजागी सिमलिंक ठेवली तर डिलीट भलत्याच झाडावर चालतं. पायथनने ३.३ मध्ये, ज्या प्रणालींवर सोय आहे तिथे, मार्गाऐवजी डिस्क्रिप्टरच्या आधारे उतरायला सुरुवात केली. आपल्या प्रणालीवर ते होतंय का हे आरएमट्रीवरचा अव्हॉइड्स-सिमलिंक-अटॅक्स हा गुणधर्म सांगतो. जवळपास दहा वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, रस्ट भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतल्या रिमूव्ह-डिर-ऑलमध्ये हाच दोष निघाला आणि १.५८.१ मध्ये दुरुस्त झाला. भाषा मेमरी कितीही सांभाळू दे, फाइल-सिस्टिम तिच्या ताब्यात नसते.

लिहिण्याच्या बाजूचा सापळा वेगळा. ओएस.राइटने किती बाइट लिहिले ते परत दिलेलं असतं आणि तो आकडा कोणी बघत नाही. लिनक्सवर एका राइटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट जातात. त्याहून मोठा तुकडा दिला तर उरलेला मुकाट्याने राहून जातो, एरर येत नाही. सिग्नलने तुटलेला राइट पेप ४७५ मुळे ३.५ पासून आपोआप पुन्हा केला जातो, पण क्लोज केला जात नाही, कारण लिनक्सवर क्लोज तुटला तरी क्रमांक सुटलेला असतो आणि पुन्हा बंद केलं तर वरची दुसऱ्याच्या फाइलची गोष्ट. डिस्क भरल्याची टेस्ट करायला डेव्ह-फुलमध्ये (लिनक्सवरची, नेहमी भरलेली असल्याचं सांगणारी फाइल) लिहा. ओपनने उघडलेल्या फाइलीत थोडाच मजकूर लिहिला तर राइट यशस्वी दिसतो, आणि एरनो २८ फ्लश किंवा क्लोजच्या वेळी येतो. तो एक्सेप्शन गिळणारा कोड प्रमाणित लायब्ररीत खपवून घेऊ नका. कॉपी करणारा कोड बदलत असाल तर प्रॉकमधली (लिनक्सच्या आभासी माहिती-फोल्डरमधली) एखादी फाइलही कॉपी करून बघा: आकार शून्य दाखवते आणि आत मजकूर असतो.

फाइलनावांच्या टेस्टसाठी आपल्या मराठीकडे एक हुकमी अक्षर आहे: ऱ. युनिकोडमध्ये ते एकच चिन्ह आहे, पण विघटन केलं की र आणि नुक्ता अशी दोन चिन्हं होतात. मॅकची जुनी फाइल-सिस्टिम एचएफएस प्लस नावं विघटित रूपात साठवते, म्हणून ‘दुसऱ्या’ नावाची फाइल बनवून लिस्टडिरमध्ये (फोल्डरच्या यादीत) तेच नाव शोधलं तर स्ट्रिंग जुळत नाही, पण उघडायला गेलात तर उघडते. २०१७ पासूनची एपीएफएस नाव दिलं तसं ठेवते. नावांची तुलना करणारा पॅच असेल तर टेस्टमध्ये हे एक नाव टाकाच.

पॅच पाठवताना

आधी फक्त टेस्ट लिहा आणि ती जुन्या कोडवर नापास होते हे दाखवा. विंडोज हाताशी नसेल तरी बहुतेक गळत्यांची टेस्ट लिनक्सवर लिहिता येते: ओपन फसवा, मग तो डिस्क्रिप्टर खरंच बंद झालाय का हे ओएस.एफस्टॅटने तपासा, एरनो ९ यायला हवा. फसवण्याच्या दोन्ही जागा घ्या, चुकीचा मोड आणि चुकीचं एन्कोडिंग. एकच घेतली तर अर्धा बग राहतो, आणि पुढच्या वेळी परत येतो तो हाच अर्धा.

पायथनच्या तक्रारी एप्रिल २०२२ पासून गिटहबवर आहेत, पण त्याआधीच्या जुन्या ट्रॅकरमधल्याही तिथे आणल्या गेल्यात. मॉड्यूलचं नाव आणि ‘विनएरर ३२’ टाकून बंद झालेल्या तक्रारींत शोधा. पूर्वी कोणी काय सुचवलं आणि ते का नाकारलं गेलं हे तिथे सापडतं. बदलाची नोंद ब्लर्ब हे साधन वापरून न्यूज-डी या फोल्डरमध्ये घाला आणि तिच्यात वापरणाऱ्याला काय फरक दिसेल ते लिहा, आतली रचना नको. पॅच मेन शाखेवरच पाठवा. जुन्या आवृत्त्यांत न्यायचा का हे लेबल लावणारे ठरवतात. नवा पॅरामीटर घातला असेल तर तो मागे जाणार नाही, म्हणून गळती बुजवणं आणि नवी सोय हे दोन वेगळे पॅच करा.

आणि टेस्टमध्ये आधीच कोणी घातलेली झोप दिसली तर त्याच पॅचमध्ये ती काढून टाका. ती काढल्यावर विंडोजचा बिल्ड पुन्हा लाल झाला, तर आणखी एक हँडल कुठेतरी उघडं आहे.